हाललेला फोटो

आमच्या ह्यांना फोटोतले दगड मोजायची खोड होती. खोटं नाही सांगत. हे निजाम सरकारच्या तामीरात खात्यात, म्हणजे रस्ते-पूल बांधायच्या खात्यात, ओव्हरसियर होते. जनवाड्याच्या वाटेवर ओढ्याचं पाणी रस्त्याखालून काढायला ह्यांनी एक मोरी बांधली आणि तिचा फोटो वरच्या साहेबाला दाखवायचा म्हणून हैदराबादेहून कॅमेरा आणला. फोटो हातात आला तसे भिंग घेऊन जे बसले, ते जेवायला हाक मारली तरी उठेनात.

"हेमा, हे बघ, दगडादगडातला चुना दिसायलाय!"

"दिसू द्या की," मी म्हणलं. "मोरीच हाय. तिला काय लाजायचंय?"

मोऱ्या झाल्या, एक-दोन पूल झाले, आणि ह्यांची हौस आटली. मग कॅमेरा माझ्या हाती आला तो आलाच. त्या काळात बीदरच्या रस्त्यावर एक बाई गळ्यात कॅमेरा अडकवून निघाली की लोक माना वळवून बघायचे. बघा म्हणलं, माना तुमच्या, दुखल्या तर तुमच्याच दुखतील. मला काय मजा यायची, सांगू? झाकण उघडलं की चामड्याचा भाता असा पुढं यायचा, त्याचा तो नव्या वहाणेसारखा वास. पाठीमागच्या लाल काचेतून आकडा सरकताना दिसायचा. आणि खटका दाबला की बारीकसा टिच! त्या टिच आवाजासाठी मी दिवसभर उपाशी राहिले असते. फिल्मचा रोळ धुवायचं कामही मीच शिकले. ज्वारीच्या खोलीचं दार-खिडकी गच्च लावायची, कंदिलाला लाल फडकं गुंडाळायचं आणि परातीत औषधाचं पाणी घेऊन बसायचं. सासरचे लोक म्हणायचे, बाई काय जादूटोणा करतीया कोण जाणे.

फोटो मी काढायची आणि पास-नापास हे करायचे. भिंग लावलं की झालं. "हितं पान दिसंना. हितं बोट हाललंय. हे वाया गेलं." मी चिडायची. एकदा शेजारच्या राजूबाईचा फोटो काढला, भांडताना. बाईचा हात नुसता धुरासारखा आला होता, पण बघणाराला वाटावं आता ही फोटोतून बाहेर येऊन आपल्याच झिंज्या धरते. हे म्हणाले, "हात कुठाय?" मी म्हणलं, "तुमच्या गालावर बसला की कळंल." तेव्हा हसले, पण फोटो वाया गेला म्हणायचे ते म्हणायचेच.

ही आमची रोजची हमरीतुमरी. ती तशीच चालली असती, पण मध्ये अव्वा आली.

अव्वा म्हणजे माझी आई, निलम्मा. माझं माहेर निर्ण्याचं. तिथं माझा थोरला भाऊ लिंगराज शेती बघायचा आणि अव्वा त्याच्याकडंच राहायची. त्या थंडीत अव्वाला असा ताप भरला की लिंगराजनं मला गाडी पाठवून बोलावून घेतलं. अव्वा त्यातनं उठली. पण उठली ती अर्धीच. चार पावलं चालली की धाप लागायची. तिच्या उशाशी बसून समोरच्या भिंतीकडं बघता बघता माझ्या मनानं घेतलं, की हिचा फोटो काढायचा. हसती-बोलती असतानाच काढायचा, आणि आता काढायचा.

भिंतीवर आमच्या अप्पांचा फोटो होता. आमच्यात, म्हणजे बसवण्णांना मानणाऱ्यांच्यात, गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, डाव्या तळहातावर लिंग ठेवतात, फुलांनी सजवतात आणि तसंच बसलेलं नेऊन समाधी देतात. ऐपतवाले लोक त्या वेळी फोटोवाल्याला बोलावतात. अप्पांचा असा एकच फोटो, बसवलेला. आणि काय साफ आलाय म्हणून सांगू! गेलेलं माणूस हालत नाही ना. विभूतीचं बोटन् बोट दिसतं, फुलाची पाकळी दिसते, मान सावरायला पाठीमागं लावलेली काठीसुद्धा दिसते. अप्पा गेले तेव्हा मी परकर नेसायची. मला खांद्यावर घेऊन ते बसवेश्वराच्या जत्रेला न्यायचे, ते खांदे आठवतात, तंबाखूचा वास आठवतो. तोंड आठवत नाही. आठवायला गेलं की तो फोटोच पुढं येतो, मिटलेल्या डोळ्यांचा. त्या साफ फोटोनं माझा जिता बाप खाल्ला. अव्वाचं असं होऊ द्यायचं नाही, मग आभाळ कोसळो.

अव्वाला विचारलं, तर ती म्हणाली, "मी मेल्यावर काढा की गं. तवा मी काय न्हाई म्हनायलेय?"

"अव्वा, जिता काढायचाय."

"जित्या मान्साला फोटो कशाला? मी हितंच हाय की, बघ मला."

लई समजावलं, ऐकेना. तिच्या लेखी फोटो हा शेवटचा संस्कार होता, आणि तो आधी करणं म्हणजे अभद्र. शेवटी हे सुट्टीला अव्वाला बघायला आले, माझ्या निरोपानं कॅमेरा घेऊन, तेव्हा मी ह्यांना मध्ये घातलं. जुन्या बायका जावयाशी थेट बोलत नसत. हे समोर बसले असले तरी अव्वा माझ्याकडं बघून बोलायची. पण जावयाचा शब्द मोडायचा म्हणजे तिला पाप वाटायचं. ह्यांनी म्हणलं, "आत्याबाईंचा एक फोटो असावा, असं मला वाटतंय." अव्वानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मला म्हणाली, "सांग त्यांना, बसते."

लिंगराजही खुश झाला. तो घराचा सोपा नव्यानं बांधायला लागला होता. अप्पांच्या शेजारी अव्वाचा फोटो मोठा करून लावायचा, असं त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. मोठा करायचं काम हैदराबादेतच व्हायचं.

फोटोची मांडामांड ह्यांनी हातात घेतली. सासूचा फोटो, म्हणून मोरीपेक्षा साफ यायला पाहिजे! कॅमेऱ्याची तिपाई रोवली, अंतर पट्टीनं मोजलं. मला म्हणाले, "कॅमेऱ्याचं भोक बारीक ठेवलं की सगळं लख्ख येतं. पण मग उजेड हळूहळू आत जातो, तवर हालायचं न्हाई. सांग आत्याबाईंना." मी सांगितलं. अव्वा आतून इरकल नेसून, विभूती लावून आली, अंगणातल्या पाटावर बसली आणि जी बसली ती दगडासारखी. हे म्हणाले, "वा! असं बसणारं माणूस मी बघितलं न्हाई." मी कॅमेऱ्याच्या काचेत बघत होते. त्या काचेत माणूस काडेपेटीवरल्या चित्राएवढं दिसतं. खटका दाबला. टिच झालं. अव्वा उठली, तिला धाप लागली होती. श्वास रोखून बसली होती ती.

बीदरला येऊन रोळ धुतला आणि दुसऱ्या दिवशी छापायला घेतला. आमच्याकडं उन्हात छापायचा कागद असायचा. निगेटिवखाली कागद दाबून चौकट उन्हात ठेवायची, की चित्र हळूहळू उगवतं. मी मागची फळी थोडी उचलून बघितली. आधी इरकलचा काठ आला. मग मांडी आली. मग मांडीत उताणा ठेवलेला डावा हात. मग कपाळ, विभूतीचे पट्टे, आणि मिटलेले डोळे.

मी चौकट पालथी केली.

अव्वानं जन्मात एकच फोटो पाहिला होता, अप्पांचा. फोटोला बसायचं म्हणजे कसं बसायचं, हे तिला तेवढंच ठाऊक. बिचारी तशीच बसली! पाठ ताठ, तळहात उघडा, डोळे मिटून, श्वास बंद. आम्ही शिकलेले म्हणवणारे दोघंजण समोर उभे राहून वा वा करत होतो, आणि आमच्या ध्यानात आलं नाही. मी रडले. जिती आई बारा कोसांवर ताक घुसळत असेल, आणि माझ्या हातात ही.

हे कचेरीतून आले, फोटो बघितला आणि भिंग काढलं. "हेमा! इरकलचा टाका दिसायलाय. टाका! हा तुझा सगळ्यात चांगला फोटो."

"अहो, नीट बघा की. ही गेलेली बाई हाय."

"काहीतरी अभद्र बोलू नकोस. डोळे मिटलेत, एवढंच. उन्हात मिटतात. चेहरा कसा रेघन् रेघ आलाय."

"रेघा आल्यात. अव्वा न्हाई आली."

"म्हणजे काय? तीच हाय की!"

आता ह्या माणसाला कसं सांगायचं? पण मनात पक्कं केलं, की हा फोटो त्या भिंतीवर जाणार नाही. मी हेमावती असेन तर जाणार नाही.

पुढच्या सुट्टीला मी ह्यांना घेऊन परत निर्ण्याला गेले. हे मोठा फोटो किती हात असावा ते भिंत मोजून बघायला आले होते. मी कशाला आले ते मी बोलले नाही. कॅमेऱ्यात नवा रोळ घातला होता. अव्वा गोठ्यात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. हे कचेरीच्या सवयीनं रुमी टोपी घालून आले होते, ती लाल, काळ्या गोंड्याची. उकडायला लागलं म्हणून टोपी काढून गव्हाणीच्या कठड्यावर ठेवली आणि लिंगराजशी बोलत उभे राहिले. म्हशीनं मान लांबवली, गोंडा तोंडात धरला आणि चघळायला लागली. टोपी तिच्या नाकाखाली अशी लटकायला लागली, की म्हैस कचेरीला निघाल्यागत दिसायली!

हे धावले. "ए! सोड! सोड म्हणतो!" म्हशीला काय सरकारी हुकूम कळतोय? हे इकडनं ओढायलेत, म्हैस तिकडनं.

अव्वानं हसू दाबलं. जावयाला हसायचं नाही ना. पदर तोंडाशी धरला, खांदे हालायला लागले, आणि मग तिला आवरेना. पदर सुटला, मान मागं गेली आणि अव्वा अशी हसली, अशी हसली, की मांडीवरच्या शेंगा सगळ्या खाली सांडल्या. मी गोठ्याच्या दारातच होते. आत अंधूक होतं, भोक मोठं करून ठेवलं होतं, तरी उजेड पुरणार नाही हे मला कळत होतं. तिपाई नाही, पट्टी नाही. म्हणलं, हालू दे तिच्यायला. खटका दाबला.

बीदरला आल्यावर तो फोटो उन्हात उगवताना बघितला आणि मी एकटीच मोठ्यानं ओरडले. अव्वा आली होती. पदर नुसता वाऱ्यासारखा, हात पुसलेला, तोंडसुद्धा हाललेलं. पण हसू! अंगणभर ऐकू यावं असं हसू.

ह्यांनी भिंग लावलं आणि लगेच खाली ठेवलं. आधीच टोपीचा गोंडा गेल्याचा राग. "वाया गेला. नाक कुठं, डोळा कुठं, काय कळंना. मागची म्हैस जास्त साफ आलीय."

"म्हशीला मोठी करायची न्हाई आपल्याला."

"हेमा, भिंतीवर लावायचंय. नातवंडं विचारतील, आज्जी कशी होती? ह्या धुराकडं बोट दाखवणार तू?"

"व्हय. म्हणीन अशी हसायची. तुमच्या फोटोकडं बघून काय सांगू? अशी मेली म्हणून?"

"एक मोठा होणार, आणि तो साफ असणार. परवा मी हैदराबादला जातोय, निगेटिव माझ्या पेटीत ठेवलीय."

"तुमच्या पेटीला कुलूप न्हाई," मी म्हणलं. "पण मी चोरी करणार न्हाई. तुमच्या हातानं बदलून घेईन."

मोठ्या तोऱ्यात बोलले खरं, पण कसं करायचं ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. रात्रभर डोळा लागला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लिंगराज अव्वाला घेऊन बीदरला आला. हकीमाला दाखवायला आणलं होतं. धाप वाढली होती. हकीमानं काढा दिला आणि जिना चढू देऊ नका म्हणाला. अव्वाला ओसरीवर गादी घालून दिली. ती जरा निवांत झाली तसं हे लिंगराजला म्हणाले, "या, फोटो दाखवतो," आणि साफ फोटो त्याच्या हातात दिला.

लिंगराज बघत राहिला. "लई साफ आलाय की, दाजी."

मी त्याच्याकडं बघत होते. फोटो त्यानं जवळच्या फळीवर ठेवला, आणि त्याच्याही नकळत हात जोडले.

"लिंगण्णा," मी म्हणलं, "हात कामून जोडलास रं?"

त्यानं आपल्या हातांकडं बघितलं. मग फोटोकडं, मग ओसरीवर बसलेल्या अव्वाकडं. त्याचं तोंड एकदम उतरलं. ह्यांनीही बघितलं, त्या जोडलेल्या हातांकडं. भिंग ह्यांच्या हातात होतं, पण ते वर उचललं नाही.

"काय बघायलाव रे सगळे?" अव्वा म्हणाली. "आन हिकडं."

कुणी हालेना. शेवटी तिनंच हात लांब करून फोटो घेतला आणि दूर धरून बघितला. मला वाटलं, आता हिला काय होतंय कोण जाणे.

"बरी बसलेय की मी," अव्वा म्हणाली. "तुमच्या अप्पांसारखीच. जपून ठेवा. लागंलच की आता. फोटोवाल्याला परत बोलवायचा तरास नको."

लिंगराजनं तोंड फिरवलं. मला मात्र असा संताप आला, की सांगता येत नाही. तिच्यावर, ह्यांच्यावर, त्या लख्ख कागदावर. मी तो फोटो तिच्या हातातून ओढला आणि दुसरा ठेवला. "हे घे. हे बघ. ही हाय तू."

अव्वानं तो डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. मग हळूच उठली, मी धरायला गेले तर मला बाजूला सारलं, आणि दाराशी उजेडात जाऊन उभी राहिली. तिची धाप तेवढी ऐकू येत होती.

"हेमा, हिचा फोटो तुला कुठं घावला गं?"

"कुनाचा?"

"माझ्या अव्वाचा."

लिंगराज म्हणाला, "अगं, ती तूच हायस. म्हशीनं टोपी खाल्ली तवाचा..."

"गप रे. मला माझी अव्वा कळंना व्हय? पदर असाच सुटायचा तिचा हसताना. शेजारच्या बाया म्हनायच्या, हिचं हसू वेशीपतूर जातंय."

तिची आई मी पाहिली नव्हती. प्लेगात गेली, भर तरणी. अव्वा नुकतीच सासरी आली होती. सांगावा पोचला आणि ही गाडी जोडून गेली, तेव्हा माती देऊन झाली होती. गावातच प्लेग, तिथं फोटोवाला कोण बोलावतो? इतक्या वर्षांत अव्वा आम्हाला एवढंच म्हणायची, की तिचं तोंड पुसलं, लई आठवते पण येत नाही. फोटो हालला म्हणून त्यात अव्वाच्या सुरकुत्या आल्या नव्हत्या. डोळ्यांखालची काळी वर्तुळं आली नव्हती, दुखणं आलं नव्हतं. राहिलं होतं ते तरणं तोंड आणि ते हसू. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, मी पुसल्याही नाहीत.

हे आत गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते हैदराबादला न्यायचं पाकीट घेऊन. आतली निगेटिव काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "दुसरी दे." आणि मग जन्मात पहिल्यांदा सासूला थेट म्हणाले, "आत्याबाई, हा मोठा करून आणतो."

अव्वानं ऐकलं का नाही, कोण जाणे. ती दारातच उभी होती. फोटोवरून अंगठा फिरवत होती, लेकराच्या गालावरून फिरवावा तसा.

"अव्वा," ती त्या कागदाला म्हणाली, "बघ की गं. तुझ्यापरीस म्हातारी झाले मी."